रेल प्रेशर सेन्सर बदलण्याआधी: कॉमन रेल डिझेल इंजिनातील दाबाच्या तक्रारीची क्रमवार तपासणी

कॉमन रेल डिझेल इंजिन (ज्यात सर्व इंजेक्टरांना एकाच सामाईक नळीतून, म्हणजे रेलमधून, दाबलेले डिझेल मिळते) घाटात जोर धरेनासे झाले, चालता चालता बंद पडले किंवा सेल्फ बराच वेळ फिरवूनही चालू होईना, आणि स्कॅनरवर रेल प्रेशरचा उल्लेख असलेला कोड दिसला, की बहुतेक गॅरेजमध्ये पहिला निर्णय सेन्सर बदलण्याचा होतो. अनेकदा हा निर्णय चुकतो, कारण रेलमधला दाब खरोखरच कमी असतो आणि सेन्सरने ती बातमी ईसीयूला, म्हणजे इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकाला, अगदी बरोबर दिलेली असते. नवा सेन्सरही तीच बातमी देतो आणि ग्राहकाचे पैसे वाया जातात. म्हणून दाब खरोखर बिघडला आहे की दाबाची फक्त नोंद बिघडली आहे, हा एकच प्रश्न या संपूर्ण तपासणीत सतत डोळ्यांसमोर ठेवावा. पुढील प्रत्येक पायरी त्याचेच उत्तर शोधण्यासाठी आहे.

आयटीआयमधून ‘मेकॅनिक डिझेल’ हा व्यवसाय शिकून नुकतेच कामाला लागलेल्यांना आणि जुन्या यांत्रिक पंपाच्या इंजिनांवर हात बसलेल्या, पण कॉमन रेलशी नव्याने ओळख होत असलेल्या कारागिरांना नजरेसमोर ठेवून हे मार्गदर्शन लिहिले आहे. उदाहरणादाखल चार सिलिंडरचे मोटारीचे इंजिन घेतले आहे. पुण्याजवळच्या रांजणगावात तयार झालेले आणि आपल्या रस्त्यांवर वर्षानुवर्षे धावलेले १.३ लिटरचे मल्टिजेट हे त्याच प्रकारातले. पिकअप आणि हलक्या ट्रकच्या इंजिनांनाही हाच क्रम लागू पडतो, मात्र नेमके आकडे प्रत्येक वेळी त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्यावेत.

आधी सुरक्षितता

जुन्या इंजिनांवर एअर काढण्यासाठी इंजेक्टरचा नट ढिला करून सेल्फ मारण्याची सवय अनेकांच्या हाताला लागलेली असते. कॉमन रेलवर असे कधीही करू नये. इंजिन आयडलवर असतानाही रेलमध्ये साधारण २५० ते ३५० बार दाब असतो आणि पूर्ण भारावर तो १६०० बार किंवा त्याहून अधिक होतो. एवढ्या दाबाने निघालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. बाहेरून जखम टाचणी टोचल्याएवढीच दिसते, पण आत शिरलेल्या डिझेलमुळे मांस सडू लागते आणि वेळेत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट किंवा हात गमवावा लागू शकतो. असे घडल्यास दुखत नसले तरी तत्काळ रुग्णालयात जावे आणि दाबाखालचे डिझेल आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

इंजिन चालू असताना गळती शोधायची असेल तर हात फिरवू नये, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरावा. इंजिन बंद केल्यानंतर कंपनीने सांगितलेला वेळ जाऊ द्यावा, स्कॅनरवर रेलचा दाब उतरल्याची खात्री करावी आणि मगच उच्च दाबाच्या पाइपला पाना लावावा. सेन्सरच बिघडला असल्याची शंका असेल तर त्या आकड्यावर पूर्ण विसंबू नये, जास्त वेळ थांबावे. इंजेक्टरच्या वायरीतही इंजिन चालू असताना बॅटरीपेक्षा कितीतरी अधिक व्होल्टेज असते, त्यामुळे त्यांना हात लावू नये.

सेन्सर काय करतो

टाकीतले डिझेल फिल्टरमधून उच्च दाबाच्या पंपाकडे येते, पंप ते दाबून रेलमध्ये भरतो आणि रेलमधून ते सर्व इंजेक्टरांना मिळते. रेलच्या टोकाला किंवा अंगावर बसवलेल्या सेन्सरमध्ये पोलादी पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकला की त्यावरील रोधांची किंमत बदलते. त्यातून निघणारा शंभर मिलिव्होल्टहूनही कमी असलेला संकेत सेन्सरमधलेच इलेक्ट्रॉनिक सर्किट वाढवून ईसीयूकडे पाठवते. बाहेर येणाऱ्या वायरी बहुधा तीन असतात: ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थ आणि सिग्नल.

शून्य दाबाला सिग्नल सुमारे ०.५ व्होल्ट आणि कमाल मापाला सुमारे ४.५ व्होल्ट असतो. शून्यापासून पाचपर्यंतची सगळी जागा न वापरण्यामागे कारण आहे. वायर तुटली किंवा शॉर्ट झाली तर सिग्नल या पट्ट्याबाहेर जातो आणि ईसीयूला बिघाड ओळखता येतो. १८०० बार मापाच्या सेन्सरचा हिशेब करून पाहा. ४ व्होल्टमध्ये १८०० बार, म्हणजे १ व्होल्टला ४५० बार. त्यामुळे आयडलच्या ३०० बारला सुमारे १.१७ व्होल्ट, ९०० बारला २.५ व्होल्ट आणि १६०० बारला सुमारे ४.०६ व्होल्ट यायला हवेत. हाताळत असलेल्या सेन्सरचे माप वेगळे असेल तर असाच तक्ता स्वतः करून जवळ ठेवावा, पुढच्या कामात तो पदोपदी लागतो.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. ईसीयूला रेलमधला दाब समजण्याचा दुसरा मार्गच नाही. सेन्सर जे सांगेल तेच खरे मानून ईसीयू पंपाच्या मीटरिंग व्हॉल्व्हला (पंपात किती डिझेल जाईल हे ठरवणाऱ्या झडपेला) किंवा रेलवरील दाब नियंत्रक व्हॉल्व्हला आज्ञा देतो. काटाच चुकीचा असलेल्या दुकानात प्रत्येक पुडी काट्यावर बरोबर भरावी, तसे येथे घडते. सेन्सर ५० बार जास्त दाखवत असेल तर ईसीयू खरा दाब ५० बारने कमी ठेवतो आणि स्कॅनरवर अपेक्षित व प्रत्यक्ष दाब अगदी जुळलेले दिसतात. म्हणून ‘दोन्ही आकडे जुळतात, अर्थात सेन्सर चांगला आहे’ हा निष्कर्ष कधीही काढू नये.

पहिली पायरी: कोड वाचा आणि त्याचे कुळ ओळखा

बॅटरी प्रथम तपासावी. स्थिर स्थितीत १२.४ व्होल्टपेक्षा कमी असलेल्या किंवा सेल्फ फिरताना फार खाली उतरणाऱ्या बॅटरीवर केलेली कोणतीही मोजणी भरवशाची नसते. शिवाय सेल्फ हळू फिरला तर पंप पुरेसा दाबच तयार करू शकत नाही.

त्यानंतर सर्व कोड आणि त्यांच्यासोबत साठवलेली फ्रीझ फ्रेमची माहिती लिहून घ्यावी. कोड पुसण्याची घाई करू नये. बिघाड नोंदला गेला तेव्हा इंजिनाचे आरपीएम, भार, तापमान आणि रेलचा दाब किती होता, ही माहिती एकदा पुसली की परत मिळत नाही.

दाबाशी संबंधित कोड दोन कुळांत विभागता येतात. पी०१९० ते पी०१९४ हे सेन्सरच्या सर्किटविषयी बोलतात: पी०१९२ म्हणजे सिग्नल फार खाली, पी०१९३ म्हणजे फार वर, पी०१९४ म्हणजे मधूनच तुटणारा सिग्नल आणि पी०१९१ म्हणजे पट्ट्यात असूनही न पटणारे मूल्य. याउलट पी००८७, म्हणजे रेलचा दाब फार कमी, पी००८८, म्हणजे फार जास्त, आणि पी००९३, म्हणजे मोठी गळती, हे कोड प्रत्यक्ष दाबाविषयी बोलतात. पहिल्या कुळातला कोड असेल तर मल्टीमीटर हाती घ्यावा. फक्त दुसऱ्या कुळातला असेल तर सुरुवात डिझेल फिल्टरपासून करावी. पी०६४२ किंवा पी०६४३ सोबत असतील तर ५ व्होल्टचा पुरवठाच बिघडला आहे आणि आधी तो पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरी पायरी: इंजिन बंद, इग्निशन चालू

ही तपासणी सोपी आहे, खर्चाची नाही आणि तरीही सर्वाधिक वेळा वगळली जाते. गाडी रात्रभर किंवा किमान काही वेळ उभी असावी. इंजिन चालू न करता इग्निशन चालू करून स्कॅनरवर रेलचा प्रत्यक्ष दाब पाहावा. तो शून्याच्या अगदी जवळ असायला हवा. पूर्ण थंड, उभ्या गाडीत ५० किंवा ६० बार दिसत असतील तर ती नोंद खोटी आहे, कारण इंजिन बंद झाल्यावर इंजेक्टर आणि पंपाच्या सूक्ष्म फटींतून दाब थोड्याच वेळात उतरतो.

असा शून्याचा दोष अनेकदा कोड न नोंदवता राहतो. सेन्सर जास्त दाखवत असेल तर प्रत्यक्ष दाब कमी राहतो, इंजिन उशिरा चालू होते आणि पिकअप मंदावतो. कमी दाखवत असेल तर प्रत्यक्ष दाब वाढतो आणि इंजिनाचा ठोका कडक ऐकू येतो. तेव्हा पंप व इंजेक्टरांवर अनाठायी ताण पडत असतो, म्हणून दुसरा प्रकार अधिक घातक समजावा.

तिसरी पायरी: तीन वायरींची मोजणी

सेन्सरचा कनेक्टर जोडलेलाच ठेवून त्याच्या मागच्या बाजूने बारीक प्रोब आत सरकवावा. वायरीचे आवरण सुईने भोसकू नये. त्या छिद्रातून पावसाळ्यात पाणी शिरते आणि काही महिन्यांनी आपणच केलेला नवा बिघाड समोर येतो.

इग्निशन चालू आणि इंजिन बंद असताना पुरवठा व अर्थ यांच्यात सुमारे ५ व्होल्ट मिळायला हवेत. साधारण ४.८ ते ५.२ या मर्यादेबाहेर आकडा असेल तर दोष सेन्सरच्या अलीकडे आहे. ५ व्होल्ट अजिबात येत नसतील तर लगेच ईसीयूला दोष देऊ नये. हा पुरवठा अनेक गाड्यांत अॅक्सिलरेटर पेडल, टर्बोचा दाब किंवा ईजीआर व्हॉल्व्हच्या (धुराचा काही भाग परत इंजिनात वळवणाऱ्या झडपेच्या) स्थितीचा सेन्सर यांपैकी काहींशी सामायिक असतो. वायरिंगच्या नकाशात पाहून त्यांचे कनेक्टर एकेक करून काढावेत. ज्याचा कनेक्टर काढताच ५ व्होल्ट परत येतात, तो सेन्सर किंवा त्याची वायर शॉर्ट आहे.

अर्थची तपासणी स्वतंत्रपणे करावी. मीटरचे एक टोक सेन्सरच्या अर्थवर आणि दुसरे बॅटरीच्या ऋण टोकावर ठेवल्यास ०.१ व्होल्टपेक्षा बराच कमी आकडा दिसायला हवा. हा आकडा क्षुल्लक वाटतो, पण आपल्या तक्त्यानुसार अर्थमध्ये ०.१ व्होल्ट अडकले तर नोंद सुमारे ४० ते ४५ बारने वर सरकते. हिरवट गंज चढलेला एक टर्मिनल एवढे सहज करू शकतो, आणि सेन्सर बदलूनही शून्याचा दोष कायम राहिल्याच्या तक्रारींत मला सर्वप्रथम याच टर्मिनलची शंका येते.

शेवटी सिग्नल. शून्य दाबाला सुमारे ०.५ व्होल्ट, आयडलवर तक्त्याप्रमाणे. इंजिन चालूच होत नसेल तर सेल्फ फिरवताना सिग्नल पाहावा. बऱ्याच इंजिनांत रेलचा दाब साधारण १५० ते २०० बारच्या पुढे गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टर उघडत नाही, म्हणजे आपल्या उदाहरणात सिग्नल ०.९ व्होल्टच्या आसपास पोहोचायला हवा. तो ०.५ वरून हललाच नाही, तर एकतर दाब तयार होत नाही किंवा सेन्सर मेलेला आहे. यातले नेमके काय, हे पुढच्या दोन पायऱ्यांत ठरते.

सेन्सरच्या पिनांवर ओहममीटर लावून त्याचा रोध मोजण्यात काही अर्थ नाही. आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असल्यामुळे मिळालेला आकडा काहीच सिद्ध करत नाही.

चौथी पायरी: कनेक्टर काढून ईसीयूची साक्ष

इग्निशन बंद करून सेन्सरचा कनेक्टर काढावा, पुन्हा इग्निशन चालू करावे आणि स्कॅनरवरील बदल पाहावा. ईसीयूच्या आतल्या रचनेनुसार मोकळा सिग्नल काही गाड्यांत ५ व्होल्टकडे जातो आणि काहींत शून्याकडे. समजा मूळ कोड पी०१९२ होता आणि कनेक्टर काढताच सिग्नल वर जाऊन पी०१९३ आला. याचा अर्थ वायर आणि ईसीयू दोन्ही शाबूत आहेत आणि सिग्नल खाली ओढणारी गोष्ट सेन्सरमध्येच आहे. कनेक्टर काढूनही काहीच बदलले नाही, तर सिग्नलची वायर कुठेतरी तुटली किंवा शॉर्ट झाली असण्याची शक्यता अधिक.

मोकळा सिग्नल वर जाणाऱ्या गाडीत, इंजिन बंद ठेवूनच, कनेक्टरमधील सिग्नल आणि अर्थ क्षणभर जोडावेत. नोंद खाली गेली पाहिजे. मोकळा सिग्नल खाली जाणाऱ्या गाडीत सिग्नल ५ व्होल्टच्या पिनला जोडावा. नोंद वर गेली पाहिजे. पिना नकाशावरून खात्री करूनच ओळखाव्यात. ५ व्होल्ट आणि अर्थ एकमेकांना जोडले जाऊ देऊ नयेत आणि बॅटरीचे १२ व्होल्ट या सर्किटला कोणत्याही परिस्थितीत लावू नयेत, कारण सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असलेला ईसीयू त्यात जळू शकतो.

वायरिंगचा संशय असेल तर हार्नेस (वायरींचा जुडगा) इंजिनाच्या कडांवर, क्लिपांजवळ आणि गरम भागांजवळ घासला आहे का, हे पाहावे. उभ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी हा आपल्याकडचा नेहमीचा अनुभव आहे. अधूनमधून येणाऱ्या बिघाडासाठी मीटर किमान-कमाल नोंदीवर ठेवून हार्नेस थोडा थोडा हलवत जावे. वायरीचा अखंडपणा मोजताना बॅटरी सोडवून ईसीयूचा आणि सेन्सरचा असे दोन्ही कनेक्टर काढावेत. टोकापासून टोकापर्यंत १ ओहमपेक्षा कमी रोध आणि शेजारच्या वायरींशी कोणताही संपर्क नाही, असे उत्तर यायला हवे.

पाचवी पायरी: आलेख वाचायला शिका

बिघाड चालत्या गाडीतच येत असेल तर स्कॅनरवर अपेक्षित दाब, प्रत्यक्ष दाब आणि मीटरिंग व्हॉल्व्हची आज्ञा यांचा आलेख नोंदवावा. गाडी दुसऱ्याने चालवावी, आलेखाकडे बघत स्वतः चालवू नये. कसारा घाटासारख्या सलग चढावर भार टाकून घेतलेली नोंद सपाट रस्त्यावरच्या नोंदीपेक्षा खूप काही सांगते.

प्रत्यक्ष दाबाची रेषा अपेक्षित रेषेपासून हळूहळू मागे पडत असेल, आणि त्याच वेळी ईसीयू पंपाकडून अधिकाधिक डिझेल मागत असेल, तर सेन्सर खरे सांगत आहे. डिझेल पुरेसे येत नाही किंवा कुठेतरी गळते आहे. याउलट १२०० बारवरची रेषा क्षणात शून्यावर किंवा कमालीवर उडी मारून तितक्याच क्षणात परत येत असेल, तर तो दाब नव्हे. दाबलेले डिझेल एवढ्या वेगाने नाहीसे होऊन परत भरूच शकत नाही. अशी सरळ उभी तुटलेली रेषा सैल टर्मिनल, तुटकी वायर किंवा सेन्सरच्या आतला बिघाड दाखवते. नवशिक्याने एकच कौशल्य आधी कमवायचे असेल तर ते हे कमवावे, असे माझे मत आहे.

सहावी पायरी: दाब खरोखर कमी असेल तर

डिझेल फिल्टरपासून सुरुवात करावी. तो तुंबलेला आहे का आणि पाणी वेगळे करणाऱ्या भागात पाणी साचले आहे का, हे पाहावे. फिल्टर आणि पंप यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक पाइप लावल्यास हवेचे बुडबुडे स्पष्ट दिसतात. टाकीत विजेवर चालणारा पंप असेल तर कमी दाबाच्या बाजूचा दाब गेजने मोजून मॅन्युअलशी पडताळावा.

त्यानंतर इंजेक्टरांची रिटर्न, म्हणजे त्यांच्यातून परत जाणाऱ्या डिझेलची, तपासणी. सर्व इंजेक्टरांच्या रिटर्नला सारख्या मापाच्या बाटल्या लावून इंजिन काही मिनिटे आयडलवर चालवावे. एकाच बाटलीत इतरांपेक्षा खूप अधिक डिझेल जमले तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे. पिझो इंजेक्टर (विजेने प्रसरण पावणाऱ्या स्फटिकांवर चालणारे) असलेल्या काही प्रणालींत रिटर्नमध्ये ठरावीक दाब राखावा लागतो, म्हणून तेथे ही पद्धत थेट वापरू नये. रेलवर दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह असेल तर त्याचा रिटर्न पाइप काढून सेल्फ फिरवावा, त्यातून डिझेल यायला नको. फिल्टरमध्ये किंवा मीटरिंग व्हॉल्व्हच्या जाळीवर चकाकणारे धातूचे कण दिसले तर तेथेच थांबावे. पंप झिजू लागला आहे आणि ते कण पुढे इंजेक्टरांपर्यंत पोहोचलेले असू शकतात. हे काम पंप व इंजेक्टर दुरुस्त करणाऱ्या सुसज्ज कार्यशाळेकडेच सोपवावे.

सातवी पायरी: सेन्सर बदलताना

शून्याचा दोष, वायरींची मोजणी आणि कनेक्टर काढून केलेली तपासणी हे सर्व सेन्सरकडेच बोट दाखवत असेल तर तो बदलावा. आधी मॅन्युअलमध्ये पाहावे, कारण काही कंपन्या सेन्सर स्वतंत्रपणे काढू देत नाहीत, संपूर्ण रेल बदलायला सांगतात. अनेक सेन्सरांत रबरी वॉशर नसतो, धातूची कड धातूवर दाबून सील होते, आणि एकदा दाबली गेलेली कड पुन्हा तितकीच घट्ट बसेल याची खात्री नसते. म्हणूनच दुसऱ्या गाडीतला सेन्सर ‘लावून बघू’ म्हणून बसवणे योग्य नाही. टेफ्लॉन टेप किंवा सीलंट लावू नये. सेन्सर काढण्यापूर्वी भोवतालचा भाग स्वच्छ करावा, उघडे तोंड लगेच झाकावे आणि कंपनीने दिलेल्या टॉर्कवर टॉर्क पान्यानेच तो घट्ट करावा.

सेन्सर विकत घेताना आटे आणि कनेक्टर जुळतात एवढ्यावर समाधान मानू नये, पार्ट नंबर जुळलाच पाहिजे. बाहेरून हुबेहूब दिसणारे सेन्सर १५००, १८०० आणि २००० बार अशा वेगवेगळ्या मापांचे असतात. ईसीयूला १५०० बारचा सेन्सर अपेक्षित असताना १८०० चा बसवला, तर ईसीयूने ३०० बार मागितल्यावर रेलमध्ये प्रत्यक्षात ३६० बार तयार होतात आणि १४०० मागितल्यावर सुमारे १६८०. शून्याला दोन्ही सेन्सर ०.५ व्होल्टच देतात, त्यामुळे दुसऱ्या पायरीत काही आढळत नाही आणि कोडही येईलच असे नाही. इंजिन मात्र कर्कश चालते आणि रेल, पाइप व इंजेक्टर त्यांच्या मर्यादेपलीकडे ताणले जातात.

नवा सेन्सर बसवल्यावर कोड पुसावेत आणि त्या गाडीत शिकलेली मूल्ये पुन्हा शून्यावर आणण्याची तरतूद असल्यास तीही वापरावी. इंजिन चालू करण्यापूर्वी इग्निशनवर दाब शून्याजवळ दिसतो का, हे पाहावे. मग आयडलवर पुठ्ठ्याने गळती तपासावी, इंजिन गरम झाल्यावर ती पुन्हा तपासावी, आणि ज्या चढावर किंवा ज्या भाराखाली तक्रार आली होती त्याच परिस्थितीत गाडी चालवून आधीच्या आलेखाशेजारी नवा आलेख ठेवावा. प्रत्यक्ष दाबाची रेषा अपेक्षित रेषेला धरून राहिली, कोणताही कोड परतला नाही आणि इंजिन बंद करून काही वेळाने नोंद पुन्हा शून्याजवळ उतरली, तरच गाडी ग्राहकाच्या ताब्यात द्यावी.